परसबाग, पाकघर आणि सखीमंडळ : पथ्यपालनाचा एक दुर्लक्षित आधार

आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य या त्रयोपस्तंभांत आचार्यांनी आहारास प्रथम स्थान दिले आहे. वैद्यजीवनकार लोलिंबराजांचे पथ्यविषयक वचनही आपणा सर्वांस मुखोद्गत असते. असे असूनही आपल्या दैनंदिन व्यवसायातील सर्वांत कच्ची बाजू कोणती, असे विचारल्यास बहुतेक वैद्यबंधू-भगिनी 'पथ्य' हेच उत्तर देतील. चूर्ण, काढा, वटी रुग्ण बऱ्याच अंशी नियमाने घेतो; पथ्याचा छापील कागद मात्र पंधरा दिवसांत दिनदर्शिकेमागे जातो.

याचे खापर रुग्णाच्या जिव्हालौल्यावर फोडणे सोपे आहे. परंतु पथ्य हे औषधाप्रमाणे एकट्याने गिळण्याचे द्रव्य नव्हे. ते कोणीतरी पिकवावे लागते, निवडावे लागते, रांधावे लागते आणि कोणाच्या तरी पंक्तीला बसून सेवन करावे लागते. ही साखळी जेथे शाबूत आहे तेथे पथ्य टिकते, असा प्रस्तुत लेखकाचा व्यवसायातील अनुभव आहे. दापोली परिसराच्या अनुषंगाने या विषयाचा येथे विचार केला आहे.

दापोली परिसराची पार्श्वभूमी

दापोली तालुक्यास दोन रूपे आहेत. मुरुड, आंजर्ले, केळशी, आसूद येथे नारळी-पोफळीच्या बागा व पाटाचे पाणी, तर वर डोंगरउतारावर जांभ्याची तांबडी माती, वरकस जमीन आणि त्यावरील नाचणी. पावसाळ्यात धो धो पाऊस व उन्हाळ्यात पाण्याची ओढ, या दोन्हींशी जुळवून घेत येथील परसबाग वाढली आहे. पावसात पाणी साचू नये म्हणून उंच वाफे, मांडवावर पडवळ, दोडका, काकडी, घरामागे शेवगा व कढीलिंब, आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू व केळ, ही तिची ठरलेली मांडणी. १९७२ साली दापोलीत स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठामुळे (आजचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ) रोपे व मार्गदर्शन हाताशी आहे. या विद्यापीठाने 'कोकण अमृता' व 'कोकण हातिस' हे कोकमाचे वाण दिले आहेत. बी लावून वाढविलेल्या कोकमात नर-मादी झाडे वेगवेगळी निघतात व नर झाडाला फळ धरत नाही. यास्तव परसात एकच झाड लावणाऱ्याने मादी झाडाचे कलम घेणे श्रेयस्कर.

बाग आहे, पाणी आहे, तरी पथ्य का घडत नाही? याचे एक कारण घरांच्या बदललेल्या रचनेत आहे. मुले मुंबई-पुण्यास, आणि गावच्या मोठ्या घरात वयस्क आईवडील, पुष्कळदा एकटी आईच. 'एकटीसाठी काय रांधायचे?' हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने चिकित्सालयात ऐकले असेल. अशा घरात सकाळी चहा-बटर, दुपारी कसाबसा भात आणि रात्री पुन्हा चहा, असा क्रम पडतो. मागील दारी शेवगा शेंगांनी लगडलेला असतो आणि रुग्णा मात्र पांडुत्व, मलावष्टंभ, अग्निमांद्य यांची तक्रार घेऊन येते. येथे उणीव द्रव्याची नाही, संगतीची आहे.

शास्त्राधार : आठ आयतने

चरकसंहितेच्या विमानस्थानात पहिल्याच अध्यायात प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था व उपयोक्ता ही आहारविधीची आठ विशेष आयतने वर्णिली आहेत. आपल्या छापील पथ्यपत्रकात यांपैकी बहुधा एकटी 'प्रकृती', म्हणजे द्रव्याचा स्वभाव, तेवढी उतरते : हे खावे, ते टाळावे. उरलेली सात आयतने पाकघरात व पंक्तीत ठरतात.

वर्षाऋतूचे उदाहरण घेऊ. या काळात अग्नी मंद व वात प्रकुपित. आणि नेमक्या याच काळात कोकणात रानभाज्या उगवतात. पालेभाज्या सामान्यतः रूक्ष व विष्टंभी. मग त्या वर्ज्य समजाव्यात काय? उत्तर 'करण' या आयतनात आहे. चरकाचार्यांनी शाकवर्गात काही पालेभाज्या वाफवून, त्यांतील रस पिळून काढून, भरपूर स्नेहासह खाण्यास सांगितले आहे. भारंगीचा पाला उकडून, कडू पाणी टाकून, लसूण-हिंगाच्या फोडणीवर परतणारी कोकणातील गृहिणी याच संस्काराचे पालन करीत असते. पावसाळी गारठ्याच्या दिवसांत अम्ल, लवण व स्निग्ध आहार सांगितला आहे, आणि आमसुलाची आमटी हे त्याचे घरगुती रूप होय.

हा संस्कार पुस्तकातून हस्तांतरित होत नाही. तो सासूकडून सुनेला, शेजारणीकडून शेजारणीला चुलीपाशी मिळतो. घरे रिकामी झाल्यावर ही वाट बंद होते आणि भाजी 'बाधते' म्हणून सोडून दिली जाते.

काही द्रव्ये व त्यांचे पाकसंस्कार

१) टाकळा (चक्रमर्द, प्रपुन्नाट) : पहिल्या पावसानंतरची कोवळी पाने घ्यावीत. कांदा, लसूण, खोबरे व फणसाच्या आठळ्या घालून भाजी करतात. यासारख्या दिसणाऱ्या कासविंद्याशी (कासमर्द) गल्लत टाळावी. टाकळ्याच्या पानात बहुधा तीन जोड्या गोलसर टोकाच्या पर्णिका असतात. कासविंद्याच्या पर्णिका टोकदार, चार-पाच जोड्यांत व उग्र वासाच्या. पश्चिम उत्तर प्रदेशात कासविंद्याच्या शेंगा व बिया खाल्ल्याने लहान मुलांत यकृत, स्नायू व मेंदू यांस ग्रासणारा घातक विकार झाल्याचे २००७ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. घरातील मुलांच्या आयांना ही माहिती अवश्य द्यावी.

२) भारंगी : कोवळी पाने व फुले भाजीसाठी वापरतात; भिजविलेले वाल किंवा डाळ घालण्याची पद्धत आहे. श्वास-कासात आपण वापरतो ते हिचे मूळ. मुळासाठी झाड उपटावे लागते, भाजीसाठी मात्र शेंडे खुडले तरी ते पुन्हा फुटते, ही बाब औषधनिर्मात्यांनीही ध्यानी घ्यावी.

३) कुडा (कुटज) : फुले व कोवळ्या शेंगा यांची भाजी होते. तिक्त-कषाय रस व ग्राही गुण यांमुळे अतिसाराच्या प्रवृत्तीत उपयुक्त. मलावष्टंभ असणाऱ्यास देऊ नये.

४) अळू व सुरण : दोहोंत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असल्याने घसा खाजतो. चिंच वा आमसूल घालून नीट शिजविल्यास खाज कमी होते. परंतु त्यामुळे ऑक्झलेट पूर्णपणे नाहीसे झाले असे मानू नये. ऑक्झलेटजन्य अश्मरीच्या रुग्णास अळू वर्ज्यच सांगावे. न्हाणीच्या पाण्यावरील अळू पूर्वी निर्धोक होते. आता त्या पाण्यात डिटर्जंट व फरशी धुण्याची रसायने उतरतात. खाण्याच्या अळूची जागा बदलण्यास सांगावे.

५) कर्टोली (कर्कोटकी) : कंदापासून दरवर्षी फुटणारा वेल. मधुमेही रुग्णास भाजी म्हणून उत्तम. औषधाला पर्याय म्हणून नव्हे.

६) कुळीथ : भातकापणीनंतरच्या ओलीवर येणारे कडधान्य. पिठले व कळण या रूपात ते एकट्या माणसासही झटपट करता येते. उष्ण व अम्लविपाकी असल्याने अम्लपित्त व रक्तपित्ताच्या रुग्णास जपून द्यावे.

सोलकढीविषयी रुग्ण वारंवार शंका विचारतात : मासे व दूध हा विरुद्धाहार, मग मासे व सोलकढी कशी चालेल? नारळाचा रस हा संहितेतील अष्टविध क्षीरांत मोडत नाही, हे त्यांस समजावून सांगितल्यास शंका मिटते.

संगतीचे बळ

भाद्रपद शुद्ध पंचमीला, ऋषिपंचमीस, बैलाच्या श्रमाचे न खाण्याचा प्रघात आहे. साहजिकच त्या दिवशीची भाजी परसातून येते : अळू, लाल माठ, सुरण, भेंडी, पडवळ, मक्याची कणसे. एका घरी हे सर्व असतेच असे नाही. म्हणून एकीचे अळू दुसरीकडे आणि दुसरीचा सुरण पहिलीकडे जातो, व त्याबरोबर 'हा सुरण खाजरा आहे, आमसूल जास्त घाल' अशी सूचनाही जाते. द्रव्य आणि त्याचे करण एकाच टोपलीतून हस्तांतरित होते. वर्षातून एकदा घडणारी ही देवघेव पंधरवड्यातून एकदा घडली, तर तीच पथ्यपालनाची यंत्रणा होईल.

याला आधुनिक संशोधनाचाही आधार आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मांसाचा तुटवडा असता कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने गृहिणींच्या सहा गटांवर प्रयोग केला. लोक सहसा न खाणारे हृदय, वृक्क इत्यादी अवयव त्यांनी स्वयंपाकात वापरावेत, हा उद्देश. तीन गटांना व्याख्यान दिले. तीन गटांत स्त्रियांनी आपसात चर्चा करून निर्णय घेतला. पुढे चौकशी केली असता व्याख्यान ऐकणाऱ्यांपैकी केवळ ३ टक्के, तर चर्चा करणाऱ्यांपैकी ३२ टक्के स्त्रियांनी नवा पदार्थ घरी केल्याचे आढळले. आपला पथ्याचा कागद हे व्याख्यानच होय. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ साली सामाजिक संबंधांविषयी स्वतंत्र आयोग नेमून एकाकीपणास आरोग्याचा प्रश्न म्हणून मान्यता दिली आहे.

वैद्याने काय करावे?

१) रुग्णाची प्रश्नपरीक्षा करताना तीन प्रश्न वाढवावेत : घरी कोण रांधते? कोणाबरोबर जेवता? परसात काय आहे? उत्तरानुसार पथ्य लिहावे. ज्याच्या दारी शेवगा आहे त्यास बाजारातील महाग द्रव्य सुचविण्याचे प्रयोजन नाही.

२) नवे मंडळ काढण्याची घाई करू नये. बचत गट, भिशी, भजनी मंडळ वाडीत असतेच. पायी अंतरावरील पाच-सात घरे पुरेशी आहेत. एकीने एक पदार्थ करून आणावा व त्याची कृती सांगावी. बी-रोप वाटून घ्यावे. प्रत्येक घरी सर्व भाज्या लावण्याऐवजी घरागणिक वेगळी भाजी लावल्यास श्रम वाचतात आणि देवघेवीस कारण मिळते.

३) भोजन मौनाने व तन्मयतेने करावे, हसत-बोलत करू नये, असा उपयोगसंस्थेतील नियम आहे. सहभोजनाशी त्याचा विरोध येत नाही. गप्पा निवडताना, चिरताना व हात धुतल्यावर व्हाव्यात. पान वाढल्यावर लक्ष अन्नावर असावे.

४) कोणत्याही रुग्णेचा व्याधी मंडळात उघड करू नये. 'हिला साखर आहे' असे सांगण्यापेक्षा सर्वांसाठीच गुळपापडीऐवजी नाचणीचे आंबील ठरवावे. पथ्य सर्वांचे झाले की रुग्णेस वेगळे पडल्याची भावना राहत नाही.

५) अपवाद आधीच सांगावेत. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्याने पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी वाढवू वा घटवू नये. वृक्कविकारात पोटॅशियमचा विचार करून पालेभाज्या व शहाळे यांविषयी स्वतंत्र सल्ला द्यावा. ओळख पटल्याशिवाय कोणताही रानकंद खाऊ नये. कळलावीच्या कंदात कोल्चिसिन हे तीव्र विष असते व पावसाळ्यात तिचे वेल कुंपणावर सर्वत्र दिसतात.

औषधालय चालकांची भूमिका

औषधालय हे गावातील ये-जा असणारे ठिकाण. तेथे खात्रीचे हिंग, सुंठ, मिरी, सैंधव ठेवावे. ऋतुमानानुसार एखाद्या भाजीची कृती व निषेध लिहिलेला फलक लावावा. कृषी विभाग ९ ऑगस्टच्या सुमारास जे रानभाजी महोत्सव भरवितो, त्यांत वनस्पती ओळखण्याच्या कामी आपण साहाय्य करू शकतो. मात्र कर्टोली वा कारल्याच्या पुडीवर 'मधुमेह बरा करते' असे छापणे १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाखाली गुन्हा ठरतो, हे विसरू नये. बचत गटांची आमसुले, पिठे विक्रीस ठेवताना त्यांची अन्न परवाना खात्याकडील नोंदणी पाहावी. 'आयुर्वेद आहार' हे नाव वापरण्यास २०२२ चे स्वतंत्र विनियम लागू आहेत.

उपसंहार

पथ्य हा चिकित्सेचा अर्धा भाग आहे, असे आपण रुग्णास सांगतो. पण त्या अर्ध्या भागासाठी आपण त्यास एक कागद देऊन एकटे सोडतो. परसातील द्रव्य, पाकघरातील संस्कार आणि सोबतीची माणसे ही तीनही साधने कोकणात अद्याप विद्यमान आहेत. संस्कार जाणणाऱ्या वृद्ध स्त्रिया आपल्या प्रतीक्षाकक्षात रोज बसलेल्या असतात. त्यांच्याकडून शिकून घेणे आणि त्यांनाच इतरांच्या शिक्षिका करणे, हे दोन्ही आपल्या हाती आहे. येत्या वर्षाऋतूत प्रत्येक वैद्याने आपल्या गावी निदान एका वाडीत हा प्रयोग करावा व सहा महिन्यांनी रुग्णांचा अग्नी, बल, वजन व पथ्यपालन यांची नोंद या त्रैमासिकाकडे पाठवावी, अशी नम्र विनंती आहे. अशा नोंदी एकत्र आल्या, तर पथ्याविषयीचे आपले म्हणणे अधिक भक्कम पायावर उभे राहील.