अकरा पॉइंट सहा

सकाळी ६.२०

डिसेंबरात मला गजर लावावा लागत नाही. निफाडचा पारा घसरला की नाशकात माझा फोन वाजतो. आजचा इंदिरानगरातून. "दादा, गाडी नुसती टकटक करतेय हो. लेकीला नाशिकरोडला सोडायचंय, साडेसातची गाडी आहे."

"काका, चावी फिरवल्यावर डॅशबोर्डचे दिवे मंद होतात का?"

"मंद कसले, पार विझतात."

मग बॅटरीच. दिवे लख्ख राहून नुसताच एक टक्क झाला असता, तर आधी स्टार्टरवर संशय घेतला असता. निम्मं निदान फोनवरच होतं, फक्त समोरच्याला "काहीच होत नाही" या वाक्यापुढे न्यावं लागतं.

थंडीला सगळे शिव्या घालतात, पण बॅटरी मरते ती एप्रिल-मेमध्ये. बॉनेटखालच्या भट्टीत आतलं पाणी उडतं, प्लेटा झिजतात. तरी उन्हाळ्यात इंजिन सहज फिरतं, म्हणून काही कळत नाही. हिवाळ्यात ऑइल घट्ट होतं, स्टार्टरला जास्त जोर लागतो, आणि नेमकी तेव्हाच बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया मंदावलेली असते. मे महिन्यातला खून डिसेंबरात उघडकीला येतो.

६.४५

बेसमेंटमध्ये पोचलो तर शेजारचे साहेब आधीच मदतीला आलेले. नाकाला नाक लावून गाडी उभी, हातात केबल, आणि काळा चिमटा थेट मेलेल्या बॅटरीच्या मायनसला लावायच्या बेतात. मी जिन्यातूनच ओरडलो.

लोकांना वाटतं, एवढ्याशा गोष्टीवर हा माणूस का ओरडतो. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटचा चिमटा लागताना ठिणगी ही पडतेच. ती बॅटरीच्या तोंडाशी पडू नये, एवढंच पाहायचं. बावीस वर्षांपूर्वी ती माझ्या हातून पडली. झाकण फुटलं, अ‍ॅसिड तोंडावर आलं. समोरच्या चहावाल्यानं हातातलं काम टाकून बादलीच्या बादली माझ्या डोळ्यांवर ओतली, म्हणून आज दोन्ही डोळ्यांनी मीटर वाचतो. तेव्हापासून चष्मा घातल्याशिवाय बॉनेटमध्ये वाकत नाही. दुकानातला भाचा हसतो. हसू दे.

लाल चिमटा आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि काळीचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनवर कुठेतरी उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. काढताना याच्या उलट. साहेबांनी मान डोलावली, पण चेहरा थोडा पडलाच.

केबल लावण्याआधी मीटर लावला होता: ११.६. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६-१२.७ दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली गेली की रिकामीच समजा. पण रिकामी आणि मेलेली यांत फरक आहे, आणि माझा सगळा धंदा त्या फरकावर उभा आहे. बॅटरी दोनच वर्षांची होती.

"काका, गाडी किती चालते?"

"रविवारी पाच मिनिटं सुरू करून ठेवतो ना!"

हे उत्तर मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. जागेवर पाच मिनिटं इंजिन चालवलं, तर स्टार्टरनं खर्चलेलं जेमतेम परत येतं. अलार्म, घड्याळ, कॉम्प्युटर यांनी आठवडाभर थेंब थेंब प्यायलेलं तसंच उधार राहतं. त्यापेक्षा रविवारी गंगापूर रोडला अर्धा-पाऊण तास फेरी मारा, काकूंना घेऊन.

गाडी सुरू झाली. अल्टरनेटर १४.१ देत होता, म्हणजे तो निर्दोष. "स्टेशनवर गाडी बंद करू नका," एवढं बजावलं. येताना दुकानात आले, तेव्हा त्यांची बॅटरी काढून मंद चार्जिंगला घेतली आणि गाडीत दुकानातली बदली बॅटरी बसवून दिली. "नवीच टाकून द्या ना," काका म्हणाले. दिली असती तर दिवसाची बोहनी झाली असती.

९.३०

दुकान. उदबत्ती बॅटऱ्यांपासून दूर, दाराबाहेर. भाचा रात्रभर चार्जिंगला असलेल्या रांगेची ग्रॅव्हिटी, म्हणजे अ‍ॅसिडची घनता, बघतो. झाकणं उघडणाऱ्या जुन्या पद्धतीच्या बॅटऱ्यांना हायड्रोमीटर लावता येतो, आणि मला तो मीटरपेक्षा प्रामाणिक वाटतो. द्राक्षवाल्या एका मामांच्या पिकअपची बॅटरी होती. पाच सेलांत १.२६० च्या आसपास, सहाव्यात १.१२०. एक सेल उडालेला. चार्ज करून दहा-साडेदहा व्होल्टच्या वर जात नव्हती ती त्यामुळेच. सहा सेल मिळून बारा व्होल्ट होतात, एक गेला की दोन गेले. हिला मात्र नवीच. मामांनी कपाळाला हात लावला, मग पाणी कधी घातलं होतं ते आठवायला लागले. आठवलं नाही.

११.१५

शाळेच्या बाहेर अडकलेल्या एक मॅडम. छोटी हॅचबॅक, बॅटरी पाच वर्षं जुनी. उभ्या गाडीत १२.३ दाखवते, म्हणून त्यांच्या ड्रायव्हरचं म्हणणं बॅटरी ठीक आहे. अहो, उभा माणूसही ठीकच दिसतो, गोणी उचलायला सांगा. स्टार्टर फिरवताना शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. मी त्यांना चावी फिरवायला लावली आणि मीटर धरून बसलो: ७.४. त्या वेळी साडेनऊच्या खाली गेलं की शंका घ्यायची, हे तर सरळच उत्तर होतं. पाच वर्षं चालली, पैसे वसूल.

"आता मोठी टाका, म्हणजे जास्त टिकेल," ड्रायव्हरनं सुचवलं. नको. ट्रेमध्ये बसायला हवी, क्लॅम्प आवळला जायला हवा. सैल बॅटरी खड्ड्यांत हिंदकळून आतून तुटते, आणि नाशिकचे खड्डे काय मी सांगायला हवेत? शिवाय डावी-उजवी बघावी लागते. त्याच मापाच्या बॅटरीवर प्लस उलट्या बाजूला असू शकतो, मग केबल पोचत नाही आणि कोणीतरी ओढून पोचवतो. तसं ओढून पोचवलेलं एक हार्नेस मी जळालेलं पाहिलंय.

दहाचा पाना. आधी मायनस काढायचा, मग प्लस. बसवताना आधी प्लस. गाडीची सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते; मायनस लागलेला असताना प्लसवरचा पाना बॉडीला टेकला की वेल्डिंगच. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाणी आणि खायच्या सोड्यानं धुतली, वर पेट्रोलियम जेली. "घड्याळ पुन्हा लावावं लागेल, मॅडम, आणि काच आपोआप वर जाणं बंद झालं तर एकदा पूर्ण वर नेऊन बटण धरून ठेवा." जुन्या बॅटरीचे पैसे वजा केले. वॉरंटी कार्डवर तारीख, गाडीचा नंबर, शिक्का. लोक ते कार्ड हरवतात आणि मग माझ्याशी भांडतात, म्हणून मी फोटो काढून त्यांनाच पाठवतो.

१.३०

डबा. मेथी. मध्येच दोन फोन आले, दोन्ही इन्व्हर्टरचे, भाचा गेला.

३.००

आजचं खरं काम. अंबडच्या कारखान्यात नोकरी करणारा पोरगा, चौदा महिन्यांत तिसरी बॅटरी. आधीच्या दोन्ही दुसऱ्या दुकानांतून घेतलेल्या. दोघांनीही गाडीकडे न बघता बॅटरी विकली. मी त्याला म्हटलं, आज तुला काही विकत नाही, बस.

मायनसची केबल सोडून मीटर मधोमध जोडला, गाडी लॉक केली आणि वाट बघत बसलो. आजकालच्या गाड्यांचे कॉम्प्युटर झोपायला वीस-तीस मिनिटं घेतात; त्याआधीचा आकडा फसवा. चहा झाला. गाडी झोपली की पन्नास मिलिअँपिअरच्या आत यायला हवं. आकडा ०.६ अँपिअरवर अडकून राहिला. म्हणजे दिवसाला चौदा-पंधरा अँपिअर-अवर. पस्तीसची बॅटरी अडीच दिवसांत कोरडी, आणि दीड-दोन दिवसांतच स्टार्टर हात वर करणार. "शुक्रवारी रात्री लावतो आणि रविवारी बंद पडते," तो म्हणाला. हिशोब जुळला.

मग एकेक फ्यूज काढत गेलो. म्युझिकचा काढला, आकडा ०.०३ वर आला. सीटखाली बाहेरून बसवलेला अ‍ॅम्प्लिफायर. त्याची चालू-बंदची वायर चावीच्या लाइनला जोडायची सोडून कायम वीज असलेल्या लाइनला जोडलेली. चौदा महिने तो रात्रभर जागा राहून शांतता वाजवत होता. वायर बदलायला दहा मिनिटं लागली. मजुरी सांगितली तर पोरगा म्हणाला, "फक्त एवढेच?" आणि मग त्याला त्या दोन बॅटऱ्यांचे पैसे आठवले असावेत, कारण तो बराच वेळ गप्प उभा होता.

६.००

जुन्या बॅटऱ्यांचा टेम्पो. बॅटरीच्या वजनात अर्ध्याहून जास्त शिसं असतं, म्हणून भंगारातही तिला मान आहे. गल्लीत फिरणारे भंगारवाले जास्त भाव देतात, कारण ते अ‍ॅसिड गटारात ओतून फक्त शिसं नेतात. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवायची जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे. मी माझ्या वितरकालाच परत देतो, उभ्या, न सांडता. किलोमागे थोडे कमी मिळतात.

८.१०

पाथर्डी फाट्यावरून फोन, इलेक्ट्रिक गाडी. मालक हैराण: "काल ऐंशी टक्के चार्ज होती, आज दारच उघडत नाही!" दाराचं कुलूप, दिवे, कॉम्प्युटर आणि मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारा रिले, हे सगळं एका छोट्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. ती झोपली की लाखोंची मोठी बॅटरी दारात बांधलेल्या हत्तीसारखी. हँडलमधल्या चावीनं दार उघडून दिलं, पण इथं केबल कुठं लावायची हे गाडीचं पुस्तक बघितल्याशिवाय मी ठरवत नाही. पुस्तक घरात होतं. पंधरा मिनिटांत डॅशबोर्ड उजळला.

९.४५

शटर ओढण्याआधी काकांची बॅटरी. तीन तासांपूर्वी चार्जिंगवरून काढून ठेवली होती. मीटर लावला: १३.३. एवढी? तीन तास निवलेली बॅटरी एवढं दाखवत नाही. भाचा खूश, मी नाही. पुन्हा लावला, १३.४. मग स्क्रीनच्या कोपऱ्यात पुसटसं चिन्ह दिसलं. मीटरच्याच नऊ व्होल्टच्या सेलनं मान टाकली होती, आणि सेल उतरला की मीटर चढे आकडे सांगतो.

शेजारच्या किराणावाल्याला शटर अर्ध्यावर थांबवायला लावून नवा सेल घेतला. पुन्हा लावला.

१२.६८.

काकांना मेसेज केला: उद्या दहाला या, तुमचीच बसवतो.