कामावर अपघात झाला अन् मन खचलं. भरपाई मिळते का?

गोंदिया : समजा, गोरेगाव तालुक्यातल्या एखाद्या राईस मिलमध्ये धानाच्या कट्ट्यांची थप्पी कोसळली. हमालाच्या डोक्याला मार लागला, टाके पडले. पंधरा दिवसांत जखम भरली. पण त्यानंतर मिलमध्ये पाय ठेवला की छाती धडधडते, रात्री झोप लागत नाही, घरच्यांवर चिडचिड होते. मुकादम म्हणतो, "जखम तर भरली, आता कामावर ये." घरचे म्हणतात, "बाहेरचं काही लागलं असेल." या गडबडीत दवाखान्याचा कागद तयारच होत नाही आणि पुढे दावा तिथेच अडतो.

कायदा काय सांगतो?

कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा 1923 चा. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ने घेतली. मूळ नियम मात्र तोच राहिला. कामामुळे आणि काम चालू असताना अपघात झाला, त्यातून इजा झाली, तर मालकाने भरपाई द्यायची. ठेकेदाराच्या हाताखाली काम असेल तरी मुख्य मालकाला हात झटकता येत नाहीत.

कामामुळे होणाऱ्या आजारांची एक यादी कायद्याला जोडलेली आहे. विषारी धातूंची बाधा, धुळीमुळे होणारे फुप्फुसाचे रोग असे आजार तिच्यात आहेत. नैराश्य किंवा भीतीचा आजार त्यात नाही. म्हणजे "कामाचा ताण फार होता, म्हणून मन आजारी पडलं" एवढ्यावर या यादीतून भरपाई मिळत नाही.

मग वाट कोणती?

वाट अपघातातून निघते. अपघात कामावर झाला आणि त्यानंतर मनाचा आजार जडून कमाईची ताकद कमी झाली, हे डॉक्टरांच्या कागदावर आलं, तर दावा मांडता येतो. कमाईची ताकद किती टक्के घटली, हे डॉक्टर ठरवतात.

रक्कम कशी निघते? पूर्ण आणि कायमचं अपंगत्व असेल तर पगाराच्या 60 टक्के रकमेला वयाच्या आकड्याने गुणतात. पगार 10,000 रुपये आणि वय 40 असेल, तर 6,000 गुणिले 184.17, म्हणजे 11,05,020 रुपये. कमाईची ताकद 30 टक्के घटली असं ठरलं, तर यातले 3,31,506 रुपये.

ताणाबद्दल कोर्ट काय म्हणालं?

1950 च्या दशकात मुंबई उच्च न्यायालयापुढे बॉम्बे पोर्ट ट्रस्टच्या एका पहारेकऱ्याचं प्रकरण आलं. त्याला आधीपासून हृदयरोग होता आणि कामावर असताना त्रास होऊन तो दगावला. न्यायालयाने म्हटलं, आजार आधीचा असला तरी कामाच्या श्रमाने मरण ओढवायला हातभार लावला असेल, तर भरपाई मिळू शकते. मात्र 2006 मध्ये एका क्लीनरच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की माणूस कामावर असताना गेला एवढंच पुरेसं नाही. कामाच्या ताणाचा संबंध पुराव्याने दाखवावा लागतो. ही दोन्ही प्रकरणं हृदयविकाराची आहेत. पण मनाच्या आजाराचा दावा करणाऱ्यालाही हाच धडा लागू पडतो.

ईएसआय कापला जातो का, ते आधी बघा

पगारपावतीवर ईएसआयची कपात असेल तर मालकाविरुद्ध वेगळा भरपाईचा दावा करता येत नाही. जे काही आहे ते ईएसआयकडूनच मिळतं. पण तिथे एक मोठा फायदा आहे. लांब चालणाऱ्या 34 आजारांच्या यादीत स्किझोफ्रेनियासारखे गंभीर मानसिक आजारही आहेत. दोन वर्षांची नोकरी आणि वर्गणीच्या अटी पूर्ण असतील, तर अशा आजारात रोजच्या मजुरीच्या 80 टक्के रक्कम जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. आजार कामामुळेच झाला, हे इथे सिद्ध करावं लागत नाही.

काय करायचं?

- अपघात झाला त्याच दिवशी मालकाला लेखी कळवा. अर्जाची प्रत आणि फोटो मोबाईलमध्ये ठेवा.
- सरकारी दवाखान्यात "कामावर असताना लागलं" हे डॉक्टरांना सांगून केसपेपरवर लिहून घ्या.
- झोप न लागणं, भीती, घाबरणं हेही डॉक्टरांना सांगा. गोंदियाच्या केटीएस रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा. प्रत्येक चिठ्ठी जपून ठेवा.
- सोबत काम करणाऱ्या दोघा-तिघांची नावं, हजेरी आणि मजुरीचा पुरावा जमवा.
- दावा दोन वर्षांच्या आत भरपाईच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाखल करा. उशिराचं सबळ कारण असेल तर तो माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका.
- कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका.

वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगारांना तिथे मोफत वकील मिळतो. त्यासाठीचा फोन नंबर 15100.

मन जड झालं असेल तर दाव्याची वाट बघत बसू नका. 'टेलि-मानस'च्या 14416 या नंबरवर दिवस-रात्र कधीही मोफत बोलता येतं, मराठीतही. बाहेरचं लागलं म्हणून घरात लपवलेला आजार ना दवाखान्याच्या कागदावर येतो, ना दाव्यात.