सही जुळत नाही!

"मॅडम, सही जुळत नाही," कॅशिअरने स्लिप खिडकीतून परत सरकवली. मागे आमच्या बचत गटाच्या तिघीजणी उभ्या होत्या. मी गटाची सचिव, बारा वर्षं त्याच बँकेत तीच सही करतेय. पुन्हा केली. या वेळी शेवटचं वळण असं काही हेलकावलं, की माझं मलाच हसूही आलं आणि रडूही. "उपवास आहे ना, हात थरथरतोय," असं सांगून वेळ मारून नेली. मंगळवार होता म्हणून खपलं.

खरं कारण माझ्या पर्समध्ये होतं. लिथियमच्या गोळ्यांची पट्टी. जुलै २०२४ मध्ये माझा डोस ६०० वरून ९०० मिलिग्रॅम झाला, आणि तेव्हापासून हात माझं ऐकेना.

मैत्रिणींनो, या पानावर मी आजवर बचत गट, सासू-सुना, मुलींचं शिक्षण असं बरंच लिहिलं. स्वतःच्या या आजाराबद्दल मात्र कधी लिहिलं नाही. शेजारीपाजारी विचारलं तर 'बीपीची गोळी' म्हणायचं, हे आमच्या घरात ठरूनच गेलेलं. आजाराचं नाव बायपोलर. कधी मन उधळतं, कधी खोल विहिरीत जाऊन बसतं. २०११ साली निदान झालं, लिथियम सुरू झालं आणि गाडी रुळावर आली. इतकी, की २०१५ मध्ये मला वाटलं, आता काय गरज? वजनही वाढलं होतं. कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. अडीच महिन्यांनी मी पाटल्या गहाण ठेवून केटरिंगचा धंदा काढला होता. पन्नास माणसांची भांडी आणली, पण ऑर्डर एकही नव्हती! रात्र रात्र जागून मेनू लिहायचे. त्यानंतर आली ती विहीर. लेक तेव्हा तिसरीत होती. तीन महिने तिच्या वेण्या तिच्या बाबांनी घातल्या, वाकड्यातिकड्या.

म्हणून २०२४ च्या जूनमध्ये मी रात्री दोनला उठून फडताळं पुसायला लागले, तेव्हा 'हे' लगेच ओळखून चुकले. जिल्ह्याच्या गावी आमचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे गेलो. रक्तातलं लिथियम ०.४ आलं. साधारणपणे ते ०.६ ते १.० च्या दरम्यान ठेवतात. त्याखाली गेलं तर औषध पुरं पडत नाही, आणि फार वर गेलं तर तेच विष होतं. इतकी अरुंद पायवाट आहे ही. तीनशेची एक गोळी वाढली.

लेकीने ऐकलं तेव्हा म्हणाली, "आई, लिथियम म्हणजे आपल्या मोबाईलच्या बॅटरीत असतं ते?" हो, तेच मूलद्रव्य, गोळीत क्षाराच्या रूपात. १९४९ साली ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरांनी ते उन्मादाच्या रुग्णांना देऊन पाहिलं, त्याला आता पाऊणशे वर्षं होऊन गेली. एवढ्या काळात कितीतरी नवी औषधं आली, पण हे टिकून आहे.

पण ते शरीराला सांगून कळत नाही ना! पहिल्या आठवड्यात मळमळ. तोंडाला तांब्याची चव, आमटीला कितीही फोडणी द्या. तहान अशी, की तांब्या उशाशीच. आणि जेवढं पाणी पोटात, तेवढ्या रात्री मोरीकडे फेऱ्या. हाताचं तर सांगितलंच. सुईत दोरा जाईना. श्रावणातल्या सत्यनारायणाला चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले आणि कपबशा अशा किणकिणल्या, की सगळ्यांच्या माना वळल्या. जाऊबाईंनी पटकन येऊन ट्रे घेतला. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला ते न बोलणंच लागलं.

बँकेतून आले त्या रात्री मी तिसरी गोळी घेतली नाही. खोट्या दागिन्यांच्या डबीत टाकली. दुसऱ्या रात्रीही, तिसऱ्याही. चौथ्या रात्री झोपच आली नाही, आणि खरं सांगू, इतकं छान वाटत होतं! गटासाठी पापडाचं मशीन, मशीनसाठी कर्ज, कर्जासाठी अर्ज... पहाटे चारला अर्जाचा कच्चा खर्डा तयार होता. तो वाचताना मला भांडी आठवली, पन्नास माणसांची. मी यांना उठवलं आणि डबी हातात दिली.

सकाळी फोनवर डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "ताई, तुम्ही बायका एक तर सगळं सहन करत बसता, नाहीतर गोळीच टाकून देता. मधलं काही आहे की नाही? त्रास होतोय हे मला सांगायचं असतं."

आता बघा, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. दुखणं अंगावर काढायचं, नाहीच सोसलं तर मुकाट्याने सोडून द्यायचं. तक्रार करणं म्हणजे जणू डॉक्टरांचा अपमान!

मग सगळं सांगितलं. तोंडाच्या चवीपासून मोरीपर्यंत. त्यांनी गोळ्या जेवणानंतरच घ्यायला सांगितल्या, मळमळ गेली. चहा किती, विचारलं. सहा कप. चहाने हाताची थरथर वाढते, पण एकदम तोडू नका, तोडला तर रक्तातलं लिथियम वर जातं, असं म्हणाले. दर आठवड्याला एक कप कमी करत मी तीनवर आले. दमा नाही ना, हे विचारून थरथरीसाठी प्रोप्रॅनोलॉलची छोटी गोळी दिली. तहानेला सरबतं नकोत, साधं पाणी. माझं वजन वाढण्यात लिंबू सरबताचा किती हात होता, ते तेव्हा उमजलं.

आठवड्याभराने पुन्हा रक्त तपासायचं होतं. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी ते द्यायचं आणि सकाळची गोळी त्यानंतर, नाहीतर आकडा चुकतो. म्हणजे रात्री नऊची गोळी, सकाळी साडेसातची एसटी, नऊला लॅब. या एसटीची मात्र वेगळीच कथा. आपण बायका प्रवासात पाणी पितो का? नाही. स्टँडवरच्या स्वच्छतागृहात जायला नको म्हणून आदल्या रात्रीपासून घसा कोरडा ठेवतो. मीही तेच करत होते. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं, की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि रक्तात ते वाढत जातं. जुलाब, उलट्या, भर उन्हातलं काम, कडक उपास, अचानक अळणी जेवण, सगळ्याचा परिणाम तोच. तेव्हापासून मी दोन बाटल्या घेऊन एसटीत बसते आणि स्टँडवर उतरले की नाक धरून का होईना, जाऊन येते. नगरपालिकेला त्या स्वच्छतागृहाबद्दल गटातर्फे दोन अर्ज दिले आहेत. उत्तर नाही.

६ सप्टेंबरला हरतालिका होती. लग्न झाल्यापासून मी निर्जळ करत आले. सासूबाई आजही करतात, पंचाहत्तरीत. त्यांना कसं सांगायचं, या विचाराने दोन दिवस पोटात गोळा. शेवटी यांनीच सांगितलं, "आई, तिला पाण्याशिवाय चालणार नाही, औषध विषासारखं चढतं." सासूबाई बराच वेळ वाळू निवडत बसल्या, पिंडीसाठी. मग म्हणाल्या, "दोन हजार पंधरा परत बघण्यापेक्षा फळं खाऊन, पाणी पिऊन कर. मी करते की दोघींचं." आम्हा दोघींत त्या वर्षाचा उल्लेख तोवर कधीच झाला नव्हता.

आणखी एक घडता घडता राहिलं. गुडघा दुखत होता, तर जाऊबाईंनी त्यांची मेडिकलवाल्याकडची नेहमीची गोळी दिली. सवयीने रॅपर वाचलं, डायक्लोफिनॅक. डॉक्टरांनी ही आणि आयब्युप्रोफेन, दोन्ही नावं मला लिहूनच दिली होती, यांनीही लिथियम वाढतं म्हणून. अगदीच लागली तर साधी पॅरासिटॅमॉल. बीपीच्या काही 'लघवीच्या' गोळ्यांचंही तसंच. म्हणून मी आता मेडिकलवाल्याला स्वच्छ सांगते, मी लिथियमवर आहे. 'बीपीची गोळी' म्हणण्याचं नाटक निदान त्या काउंटरवर तरी संपलं.

नुसता त्रास आणि धोका यांत फरक असतो, हेही कळलं. बारीक थरथर, तहान, हे त्रास. पण हात जोरजोरात हलू लागले, उलट्या-जुलाब थांबेनात, बोलताना जीभ जड झाली, चालताना तोल जाऊ लागला, फार गुंगी आली, तर पुढची गोळी न घेता थेट दवाखाना गाठायचा. हे वाक्य आमच्या फ्रिजवर लेकीच्या अक्षरात चिकटवलंय. थायरॉइड आणि क्रिएटिनीन दर सहा महिन्यांनी. तरुण मुलींनी दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं. घरात असा कुणी असेल आणि कुठे जावं सुचत नसेल, तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. केंद्र सरकारचा टेली-मानस हा मोफत फोन २०२२ पासून आहे, नंबर १४४१६, मराठीतही बोलतात.

माझा आकडा ०.७ आला. थरथर पुष्कळ कमी झाली, गेली मात्र नाही. दोरा अजून लेकच ओवते. वजन तीन किलो वाढलं ते वाढलंच, त्याचं मला वाईट वाटतं आणि ते मी कबूल करते.

ऑक्टोबरच्या बैठकीत मी गटाला सांगितलं. सगळ्या मायेने वागल्या असं लिहायला आवडलं असतं. एकीने विचारलं, "मग हिशेब दुसऱ्या कुणाकडे द्यायचा का?" लागलं मला. पण पैसा त्यांच्याही घामाचा. तास-दीड तास चर्चा झाली. वही माझ्याकडेच राहिली, दर महिन्याला एक जण ती तपासणार, आणि मी सलग दोन रात्री झोपले नाही तर यांनी अध्यक्षवहिनींना कळवायचं, त्या महिन्यात कर्जाचा एकही अर्ज जाणार नाही. हे शेवटचं मीच सुचवलं.

मग वहिनींना घेऊन बँकेत गेले, नव्या सहीचा फॉर्म भरला. तीन चौकटींत तीन सह्या. जुनी लांबलचक वळणांची सही सोडून दिली. आता फक्त आद्याक्षर आणि आडनाव. कॅशिअरने काचेआडून तिन्ही सह्या पाहिल्या आणि शिक्का मारला.