थंड पाण्यात माणूस किती वेळ टिकतो?

एस्टोनियाची राजधानी टालिन येथून स्वीडनमधील स्टॉकहोमकडे निघालेले 'एस्टोनिया' हे प्रवासी व मोटारवाहू जहाज २८ सप्टेंबर १९९४ च्या मध्यरात्रीनंतर बाल्टिक समुद्रात बुडाले. जहाजावर ९८९ माणसे होती. त्यांतली ८५२ गेली, १३७ वाचली. शांततेच्या काळात युरोपच्या समुद्रात घडलेल्या सर्वांत भीषण दुर्घटनांपैकी ही एक मानली जाते.

या जहाजाच्या पुढच्या टोकाला वर उचलले जाणारे पोलादी झाकण होते. त्यामागच्या उतरत्या फळीवरून मोटारी आत शिरत. वादळी लाटांच्या माऱ्याने झाकणाच्या कड्या तुटल्या, ते गळून पडले आणि जाताना फळीही ओढून उघडी करून गेले. जिथून जहाज हाकले जाते तिथून हे झाकण दिसतच नव्हते! मोटारींच्या मजल्यावर आडभिंती नसतात. त्यामुळे आत शिरलेले पाणी परातीतल्या पाण्यासारखे एका बाजूला धावते आणि जहाज कलते. रात्री एक वाजून बावीस मिनिटांनी मदतीची हाक गेली. पावणेदोनच्या सुमारास जहाज रडारवरून नाहीसे झाले.

बहुतेक प्रवासी झोपेत होते. कललेल्या जिन्यांवरून उघड्या डेकपर्यंत सुमारे तीनशेच माणसे पोहोचू शकली. त्यांतल्या सुमारे १६० जणांना तराफे किंवा होड्या गाठता आल्या. वाचलेल्यांत तरुण पुरुषांचा भरणा होता. पंचावन्न वर्षांवरचे अवघे सात जण वाचले आणि बारा वर्षांखालचे एकही मूल वाचले नाही. हा निव्वळ दैवाचा भाग नव्हता. वाकडे झालेले जिने चढायला ताकद लागत होती, आणि त्यानंतर गाठ होती दहा-अकरा अंश सेल्सिअसच्या पाण्याशी.

अशा पाण्यात माणूस गारठून मरतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. बरेच जण गारठण्याच्या कितीतरी आधी बुडतात. अंगावर एकदम थंड पाणी आले की आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो. तो रोखणे आपल्या हातात नसते. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी थेट फुफ्फुसात जाते. पुढची दोन-तीन मिनिटे धाप लागते, नाडी आणि रक्तदाब चढतो. हृदयविकार असलेल्याला तेवढेही पुरेसे असते. हा भर ओसरेपर्यंत धडपडून पोहू नये, फक्त तरंगत राहावे. त्यानंतरच्या दहा ते तीस मिनिटांत हातापायांचे स्नायू आणि मज्जातंतू थंड पडतात. बोटे वळत नाहीत, दोर धरता येत नाही, उत्तम पोहणाराही हात मारू शकत नाही. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली उतरायला, म्हणजे वैद्यकीय अर्थाने गारठायला, मोठ्या माणसाला साधारण अर्धा तास तरी लागतो. लहान मुलांचे अंग त्याहून लवकर थंड होते. लाइफ जॅकेटचे खरे काम इथे कळते. ते ऊब फारशी देत नाही, पण हात निकामी झाल्यावरही नाक पाण्यावर ठेवते. जहाज बुडू लागल्यावर ते शोधून, नीट बांधून घालणे किती अवघड असते, हेही त्या रात्री अनेकांनी अनुभवले.

तराफ्यात पोहोचलेलेही सगळे वाचले नाहीत. ओल्या कपड्यांत, वाऱ्यात, काही जण तिथेच गेले. सुटका होतानाही धोका असतो. पाण्याचा दाब पायांतले रक्त वर ढकलत असतो. गारठलेल्या माणसाला उभे धरून वर खेचले की तो आधार जातो, रक्तदाब कोसळतो आणि हृदय थांबू शकते. म्हणून शक्य तिथे आडवे ठेवूनच वर घ्यावे, हातपाय चोळू नयेत, चालायला लावू नये आणि दारू तर मुळीच पाजू नये. ओले कपडे काढून कोरड्या पांघरुणात गुंडाळावे.

या दुर्घटनेनंतर नियम बदलले. 'एस्टोनिया'वरची संकटसूचक रेडिओ यंत्रे नंतर किनाऱ्यावर सापडली. ती चालू स्थितीत होती, पण त्यांची बटणेच कुणी दाबलेली नव्हती. आता अशी यंत्रे पाण्यात सुटताच आपोआप संदेश देतात. विमानातल्या ब्लॅक बॉक्ससारखी नोंदयंत्रे प्रवासी जहाजांवर सक्तीची झाली. युरोपात प्रवाशांची मोजणी आणि नावांची नोंद यांचेही नियम कडक झाले. सर्वांत महत्त्वाचा नियम मात्र मोटारींच्या मजल्याचा होता: तिथे ५० सेंटिमीटरपर्यंत पाणी साचले तरी जहाज उलटता कामा नये. १९९५ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत तो साऱ्या जगासाठी मान्य झाला नाही. १९९६ मध्ये उत्तर युरोपातील देशांनी स्टॉकहोम करार करून तो आपल्यापुरता स्वीकारला आणि पुढे युरोपीय संघानेही घेतला. जुन्या फेरी बोटी विकत घेऊन चालवणाऱ्या अनेक देशांवर तो बंधनकारक नाही.