घरच्या चार्जिंगसाठी डबा कोणता?

विजेवर चालणारी गाडी घेताना आपण पुष्कळ चौकशी करतो. एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाते, बॅटरीची हमी किती वर्षांची, युनिटमागे खर्च किती, सारे विचारून घेतो. गाडी दारात आली की मग वायरमनला सांगतो, ‘पोर्चमध्ये एक पंधरा अँपिअरचा प्लग काढून द्या.’ तो प्लग ज्या डब्यात बसणार, त्याबद्दल मात्र कोणी काही विचारत नाही. पिशवीत असेल तो डबा भिंतीवर बसतो. खरे तर रात्रभराचा भार, पावसाचे पाणी आणि घरातल्या माणसांचे हात या तिन्हींची गाठ त्या डब्यापाशीच पडते. म्हणून आज या डब्याविषयी बोलू.

घरात पंधरा अँपिअरचे प्लग पूर्वीपासून आहेत. त्यावर गीझर चालतो, इस्त्री चालते. मग गाडीसाठी वेगळे काय, असे कुणी विचारील. फरक आहे तो वेळेचा. गीझर पंधरा-वीस मिनिटांत पाणी तापवून बंद होतो. इस्त्री तापली की आपोआप थांबते. गाडीसोबत येणारा चार्जर साधारण ३.३ किलोवॅट वीज घेतो, म्हणजे १४ ते १५ अँपिअर. ३० युनिट क्षमतेची बॅटरी रिकामी असेल तर ती भरायला नऊ-दहा तास लागतात. तेवढा वेळ तो प्लग जवळजवळ पूर्ण क्षमतेने काम करतो, आणि तेही बहुधा रात्री, घरातली सगळी झोपलेली असताना.

आता एक छोटासा हिशेब पाहू. वायर जिथे स्क्रूखाली आवळलेली असते किंवा पिन जिथे सॉकेटमध्ये बसते, तिथे जोड सैल झाला की विजेला अडथळा होतो आणि जोड तापू लागतो. समजा हा अडथळा एक दशांश ओहम आहे. स्कूटरचा चार्जर ३ अँपिअर घेत असेल, तर त्या जोडात एक वॅटही उष्णता तयार होत नाही. मोटारीचा चार्जर १५ अँपिअर घेत असेल, तर त्याच जोडात २२ वॅटहून अधिक उष्णता तयार होते. प्रवाह पाचपट, पण उष्णता पंचवीसपट! मुठीएवढ्या बंद डब्यात एवढी उष्णता तासन्‌तास कोंडली, तर आधी प्लास्टिक पिवळे पडते, मग वितळते. जळका वास येतो तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून पहिली गोष्ट डब्याच्या आकाराची. गाडीसाठी चार स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर वापरणे चांगले. ही वायर जाड आणि ताठ असते. उथळ डब्यात ती दाबून बसवली की सॉकेटच्या स्क्रूवर सतत ताण येतो आणि काही महिन्यांत जोड सैल होतो. डबा खोल असावा. वायर सहज वळून बसली पाहिजे आणि सॉकेटच्या मागे मोकळी जागा उरली पाहिजे. दोन आकारांत निवड करायची असेल, तर मोठा डबा घ्यावा. मोठ्या डब्यात उष्णताही लवकर पसरते.

दुसरी गोष्ट डब्याच्या साहित्याची. जुन्या घरांत लाकडी डबा आणि वर सनमायका असे बोर्ड अजून दिसतात. त्यावर गाडी कधीही लावू नये, कारण लाकूड पेट घेते. साधे पीव्हीसी ८० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडू लागते. पत्र्याचा डबा जळत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण त्याला अर्थिंग जोडलेलेच हवे. फेजची वायर सुटून पत्र्याला लागली आणि अर्थिंग नसले, तर आख्खा डबा विजेने भारलेला राहतो. पावसात ओल्या हाताने कुणी, विशेषतः लहान मुलाने, त्याला हात लावला तर काय होईल, हे सांगायला नको. शिवाय कोकणात आणि किनारपट्टीला खाऱ्या हवेने पत्रा लवकर गंजतो. उघड्यावरच्या जागेसाठी चांगल्या प्रतीच्या पॉलिकार्बोनेटचा डबा सोयीचा. तो गंजत नाही, त्यातून वीज वाहत नाही. मात्र तो आग न धरणारा आणि उन्हात न तडकणारा आहे, हे कंपनीच्या माहितीपत्रकात पाहून घ्यावे.

तिसरी गोष्ट पावसाची. बाहेर लावायच्या डब्यावर ‘आयपी’ ही अक्षरे आणि पुढे दोन आकडे असतात. पहिला आकडा धूळ आणि घन वस्तूंपासूनच्या संरक्षणाचा, दुसरा पाण्यापासूनच्या. ‘आयपी ४४’ म्हणजे कोणत्याही बाजूने उडालेल्या शिंतोड्यांपासून संरक्षण. ‘आयपी ५५’ म्हणजे धुळीला बराच अटकाव आणि पाण्याच्या झोतापासूनही संरक्षण. आपल्याकडे पाऊस सरळ पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो. शिवाय पाइप लावून गाडी धुण्याची सवय असते. म्हणून उघड्या पोर्चसाठी ५५ धरून चालावे. मुंग्या आणि पाली यांनाही त्यामुळे आत शिरता येत नाही.

पण इथे एक मेख आहे. पुष्कळ डब्यांचे हे आकडे झाकण बंद असतानाच खरे असतात. गाडीचा प्लग लावला की झाकण उघडे राहते, आणि नेमके तेव्हाच नऊ तास वीज वाहत असते! म्हणून प्लग लावलेला असतानाही ज्याचे झाकण पूर्ण मिटते आणि केबल खालच्या खाचेतून बाहेर येते, असाच डबा मागावा. दुकानातच आपल्या चार्जरचा प्लग लावून झाकण मिटवून पाहावे. वायरही डब्यात खालून, ग्लँड लावून घ्यावी. वरून घेतलेल्या पाइपातून पाणी थेट आत उतरते.

डबा किती उंचीवर असावा? केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१९ मध्ये सुरक्षा नियमांत चार्जिंग केंद्रांसाठी अटी घातल्या. त्यांत सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच असावा, प्रत्येक चार्जिंग पॉइंटला स्वतंत्र सर्किट असावे आणि एक्स्टेन्शनची वायर वापरू नये, असे सांगितले आहे. घरीही हे पाळणे शहाणपणाचे. डब्याची जागा गाडीचे चार्जिंगचे तोंड कोणत्या बाजूला येते ते पाहून ठरवावी, म्हणजे एक्स्टेन्शनची गरजच पडत नाही.

या सर्किटला दोन राखणदार हवेत. एमसीबी जादा प्रवाह झाला की वीज तोडतो. पण माणसाला बसणारा धक्का त्याला कळत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर वीज तोडणारा आरसीबीओ लागतो. तो ‘टाइप ए’ असावा. एअर कंडिशनरसाठी मिळणारा ‘एसी बॉक्स’ बसवून काम भागवण्याची पद्धत आहे. त्यात एमसीबी असतो, पण बहुतेक बॉक्स घरातल्या भिंतीसाठी असतात. पावसासाठी ते नव्हेत, आणि गळती ओळखण्याची सोयही त्यांत सहसा नसते.

ज्यांना ७ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर बसवायचा आहे, त्यांना सॉकेट लागतच नाही. त्याची केबल थेट जोडतात. पण त्यासाठी ३२ अँपिअरची वेगळी लाइन लागते, आणि महावितरणकडे किंवा आपल्या भागातल्या वीज कंपनीकडे मंजूर भार वाढवून घ्यावा लागू शकतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये लाइन आपल्या मीटरवरूनच घ्यावी आणि डब्याला कुलूप असावे. नाहीतर बिल आपले आणि चार्जिंग दुसऱ्याचे, असे व्हायचे. कोणतेही काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

डबा बसला म्हणजे काम संपले असे समजू नये. पहिल्या दिवशी तासभर चार्जिंग झाल्यावर प्लगच्या बाहेरच्या बाजूला हात लावून पाहा. कोमट असेल तर ठीक. हात ठेवता येत नसेल तर चार्जिंग थांबवा, मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. महिन्यातून एकदा आरसीबीओचे ‘टेस्ट’ बटण दाबा. वीज गेली नाही, तर तो बदला. पावसाळ्यापूर्वी एकदा सगळे स्क्रू आवळून घ्या आणि झाकणाचे रबर तपासा. साध्या आणि चांगल्या डब्याच्या किमतीत फरक असतो खरा, पण गाडीच्या किमतीपुढे तो काहीच नाही, आणि रोज रात्री निर्धास्त झोपता येते.