पापाचे दास्य आणि ‘तारण’

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी, तिथल्या व्याख्यानमालेत मराठी ख्रिस्ती वाङ्मयावर बोलायला गेलो होतो. फादर स्टीफन्सपासून रेव्हरंड टिळकांपर्यंतचा तीनशे वर्षांचा प्रवास तासाभरात उरकला. प्रश्नोत्तरांच्या वेळी पहिल्या रांगेतले एक निवृत्त गृहस्थ उभे राहिले. त्यांची सारी हयात सहकारी बँकेत गेली होती. ते म्हणाले, ‘‘सर, राग मानू नका. तारण हा शब्द मी तीस वर्षं रोज वापरला. कर्ज हवं तर तारण द्या. तुमचे ख्रिस्ती लेखकही तारण म्हणतात. पण मी कुणाला लुबाडलं नाही, कुणाचं वाईट चिंतलं नाही. मग मला तारण हवं ते कशापासून?’’

सभागृहात हशा पिकला. मीही दोन वाक्ये बोलून वेळ मारून नेली. पण परतीच्या एसटीत तो प्रश्न सुटला नाही. मी ख्रिस्ती नाही. भाषेचा अभ्यासक म्हणून या वाङ्मयाकडे वळलो. अभ्यास केला तो ओव्यांचा, अभंगांचा, शब्दांचा. ज्या शिकवणुकीसाठी हे सारे लिहिले गेले तिच्याकडे मात्र मी नीट पाहिले नव्हते. त्या गृहस्थांना द्यायचे राहिलेले उत्तर इथे मांडायचा प्रयत्न करतो.

पाप : कृत्य की अवस्था?

गैरसमजाची सुरुवात ‘पाप’ या शब्दापासूनच होते. आपल्या रोजच्या बोलण्यात पाप हे कृत्य असते आणि त्याची जोडी पुण्याशी असते. एकीकडे पापाची रास, दुसरीकडे पुण्याची; शेवटी हिशेब. बँकेतल्या त्या गृहस्थांनी आपले खाते मनोमन तपासले होते आणि त्यात थकबाकी नव्हती. त्यांच्या दृष्टीने त्यांचा प्रश्न बिनतोड होता.

ख्रिस्ती धर्मग्रंथांतही पापकृत्यांची यादी आहे, पण शिकवणुकीचा गाभा तो नव्हे. नव्या करारातला पापासाठीचा ग्रीक शब्द ‘हमार्तिया’. त्याच्या मुळाशी नेम चुकण्याची कल्पना आहे. संत पौलाने सुमारे इसवी सन ५७च्या आसपास रोममधल्या ख्रिस्ती मंडळीला जे पत्र लिहिले, त्यात तो हा शब्द बहुधा एकवचनी वापरतो. तिथे पाप म्हणजे चुकांची बेरीज नाही. ते एखाद्या धन्यासारखे माणसावर सत्ता गाजवते, त्याला राबवून घेते आणि मजुरी म्हणून मरण देते. पौलाच्या वाचकांना ही भाषा समजावून सांगावी लागत नव्हती. रोममध्ये गुलामांचा बाजार रोजचा होता, आणि त्या मंडळीत स्वतः गुलाम असलेले लोकही होते. शिवाय पौल ज्यू होता. मिसर देशातल्या गुलामीतून देवाने आपल्या पूर्वजांना सोडवून आणले, ही त्याच्या समाजाची सर्वांत मोठी आठवण होती.

त्याच पत्राच्या सातव्या अध्यायात पौल एकदम प्रथमपुरुषी बोलू लागतो. चांगले काय ते मला कळते, ते करावेसेही वाटते, पण हातून घडते ते नेमके नको असलेलेच, अशी त्याची तक्रार आहे. अडचण ज्ञानाची नाही. धर्मशास्त्र त्याला पाठ आहे. अडचण इच्छेचीही नाही, कारण इच्छा आहे. इच्छा आणि कृती यांच्या मध्ये कोणीतरी बसले आहे, आणि त्याला उठवणे त्याच्या हाती नाही.

मराठी वाचकाला इथे गीतेचा तिसरा अध्याय आठवेल. माणूस मनात नसतानाही, जणू कुणी बळाने ढकलावे तसा पाप का करतो, असे अर्जुन विचारतो. प्रश्न अगदी पौलाचाच आहे. श्रीकृष्ण काम आणि क्रोध या वैऱ्यांकडे बोट दाखवतो, आणि इंद्रिये आवरून, बुद्धीपलीकडच्या आत्म्याला ओळखून, स्वतःच स्वतःला सावरून त्या वैऱ्याला मार असे सांगतो. पौल इथून वेगळ्या वाटेने जातो. सावरणारा ‘स्वतः’च कैदेत आहे, असे त्याचे म्हणणे आहे. म्हणून ‘मी काय करू?’ असे न विचारता ‘मला कोण सोडवील?’ असे तो विचारतो. ख्रिस्ती विचारात मुक्तीच्या आधी मुक्तिदात्याचा प्रश्न येतो, तो यामुळे.

नासपतींची चोरी

या दास्याचा सर्वांत बारकाईने शोध घेतला तो उत्तर आफ्रिकेतल्या संत ऑगस्टीनने (३५४–४३०). त्याच्या ‘कबुलीजबाब’ या आत्मकथनात सोळाव्या वर्षीची एक चोरी आहे. मित्रांबरोबर त्याने शेजारच्या झाडावरच्या नासपती चोरल्या. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती. चोरलेली बहुतेक डुकरांपुढे टाकली. मग चोरी का केली? चोरीतच गोडी होती म्हणून, असे उत्तर त्याला द्यावे लागते, आणि त्या उत्तराने तो हादरतो.

पुढे तो एका साखळीचे वर्णन करतो. वाकड्या इच्छेतून वासना जन्मते, वासनेची चाकरी केली की सवय जडते, सवयीला विरोध केला नाही की तिची सक्ती होते. ही साखळी बाहेरच्या कुणी घातलेली नाही. कडी कडीने माणसाने ती स्वतःच घडवली आहे. तरीही एकदा घडल्यावर ती तोडणे त्याच्या आवाक्यात राहत नाही.

ऑगस्टीनच्याच काळात पेलाजियस नावाच्या ब्रिटनमधून आलेल्या साधूला हे पटले नाही. देव आज्ञा देतो त्या अर्थी त्या पाळण्याची शक्तीही माणसात असली पाहिजे; नाहीतर आळशी माणसाला सबब मिळेल, अशी त्याच्या पक्षाची भूमिका होती. आपल्यापैकी बहुतेकांचे मत असेच असते. ४१८ साली कार्थेजच्या धर्मपरिषदेने पेलाजियसची शिकवण नाकारली. पण त्याची शंका पुन्हा पुन्हा वर आली. १५२४ मध्ये इरॅस्मसने माणसाच्या इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली आणि १५२५ मध्ये मार्टिन ल्यूथरने ‘इच्छेचे दास्य’ या ग्रंथाने त्याला उत्तर दिले. ट्रेंटच्या परिषदेत कॅथलिक चर्चने १५४७ साली मधली वाट निश्चित केली : माणसाची इच्छाशक्ती दुबळी झाली आहे, विझलेली नाही, पण देवाच्या कृपेने हात दिल्याशिवाय ती उठू शकत नाही.

आदामाचे आपल्याला काय?

इथे आणखी एक प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. आदामाने फळ खाल्ले, त्याची शिक्षा मला का? १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे जाहीर वाद झाले. तेव्हापासून आजपर्यंत ख्रिस्ती धर्मावरच्या आपल्याकडच्या चर्चेत हा प्रश्न कधी ना कधी निघतोच.

खुद्द ख्रिस्ती परंपरेचे यावर एकमत नाही. पौलाच्या पत्रातल्या एका वाक्याचा ग्रीक अर्थ सर्वसाधारणपणे ‘कारण सर्वांनी पाप केले’ असा घेतला जातो. ऑगस्टीनपुढच्या लॅटिन भाषांतरात तो ‘ज्याच्यात सर्वांनी पाप केले’ असा वाचता येत होता. त्यामुळे आदामाच्या दोषात सारे वंशज भागीदार, हा विचार पश्चिमेकडे बळावला. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने वारशात दोष येतो असे मानले नाही. वारशाने येते ते मरण आणि मरणाच्या भयाने पोखरलेला स्वभाव, असे ते सांगतात. मला स्वतःला हे अधिक समजते. बापाचा गुन्हा मुलावर लादणे अन्यायाचे आहे. पण बापाने गहाण टाकलेल्या घरात मूल जन्माला येते, ही गोष्ट कुठल्याही खेड्यात दिसते.

खंडणी कुणाला?

दास्य असेल तर सुटका कशी? नव्या करारात याची एकच उपपत्ती नाही. चित्रे अनेक आहेत. त्यांतले एक गुलामाच्या सुटकेच्या मोलाचे. मराठी बायबलने इथे ‘खंडणी’ हा शब्द घेतला. मराठ्यांचा इतिहास वाचलेल्या माणसाला तो दचकवतो, कारण खंडणी वसूल करणारा बलवान असतो आणि देणारा नाइलाजाने देतो. मग ख्रिस्ताने आपल्या प्राणाची खंडणी दिली ती कुणाला? तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनने सैतानाकडे बोट दाखवले. चौथ्या शतकातल्या नाझियान्झसच्या ग्रेगरीला ती कल्पनाच किळसवाणी वाटली : दरोडेखोराला देवाने किंमत मोजायची? १०९८च्या सुमारास अॅन्सेल्मने चित्र बदलून ते न फिटणाऱ्या ऋणाचे केले. १९३० साली स्वीडनच्या गुस्ताफ औलेन यांनी जुने चित्र पुन्हा पुढे आणले : क्रूसावरचे मरण हा व्यवहार नव्हे, तर माणसाला जखडणाऱ्या सत्तांवरचा विजय आहे. चित्रे बदलली तरी एक गोष्ट सगळ्यांत सारखी आहे. किंमत मोजतो तो कैदी नव्हे. सोडवायला आलेला मोजतो.

मराठीत आल्यावर

इंग्लंडमध्ये जन्मलेले थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१६ मध्ये त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ राचोल येथे छापले गेले. आदामाच्या पतनापासून ख्रिस्तापर्यंतची कथा त्यांनी मराठी ओवीत सांगितली. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ म्हणायलाही ते कचरले नाहीत. गोव्याच्या कोंकणीत आजही ख्रिस्ताला ‘सोडवणदार’ म्हणतात. बंधन आणि सुटका दोन्ही त्या एका शब्दात आहेत. मराठी प्रॉटेस्टंटांत ‘तारण’ रुळला. त्यात बुडणाऱ्याला वर काढण्याची कल्पना आहे. ‘मुक्ती’ मात्र जोखमीचा शब्द होता, कारण आपण त्याचा अर्थ जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटणे असा घेतो. तरी पंडिता रमाबाईंनी केडगावच्या आपल्या संस्थेसाठी तोच निवडला.

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. पण १९०७ मध्ये लिहिलेल्या साक्षीत त्या सांगतात की पुढची आठेक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. धर्म बदलल्यानेही सुटका होत नाही, हे त्यांनी स्वतःविषयी लिहून ठेवले. दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. १८८७च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी दाखवले होते की वैधव्य हे बाईच्या पूर्वजन्मीच्या पापाचे फळ समजले जाते. कोवळ्या मुलीला, नवऱ्याचे तोंडही धड न आठवणाऱ्या मुलीला, हे ऐकत मोठे व्हावे लागे. सर्वच माणसे पापाच्या दास्यात आहेत, असे म्हटले की त्या मुलीच्या माथ्यावरचे खास तिचे म्हणून सांगितलेले पाप उतरते. ती आणि तिला हिणवणारे शास्त्रीबुवा एकाच रांगेत येतात. ही शिकवण माणसाला हीन ठरवते, असा आक्षेप घेतला जातो, आणि ती तशी वापरलीही गेली आहे. पण रमाबाईंच्या हाती तिने उलटे काम केले, असे माझे वाचन आहे. दुष्काळातून आणलेल्या मुलींना त्यांनी नुसता उपदेश केला नाही. अन्न, अक्षरे आणि हातांना काम दिले. ज्यांच्यावर दुसऱ्यांनी पाप केले होते त्यांची सुटका म्हणजे भाकरीही होती.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्या पुलाचा एक खांब मला दिसतो तो हा : स्वतःला पतित म्हणवून घेणारा आणि विठोबाला त्याच्या पतितपावन या ब्रीदाची आठवण देणारा तुकाराम. कृपेवाचून तरणोपाय नाही, हे वारकऱ्याला नवे नव्हते. ती कृपा इतिहासात एकदाच, एका क्रूसावर घडली, हा ख्रिस्ती दावा मात्र पुलापलीकडचा आहे. तो मानणे न मानणे श्रद्धेचा भाग आहे.

उत्तर

हे सारे वाचताना मला माझे धाकटे काका आठवत राहिले. हुशार आणि प्रेमळ माणूस, पण दारूने पोखरलेला. दर दिवाळीला ते आजीच्या पायावर हात ठेवून शपथ घेत. ती शपथ खोटी नसे. आम्ही त्यांना उपदेश केला, धाक घातला, कोंडूनही ठेवले. दारू वाईट हे त्यांना आमच्याहून जास्त कळत होते. शेवटी ते अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बैठकांना जाऊ लागले. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या या चळवळीवर ख्रिस्ती विचाराची छाप आहे. तिची पहिली पायरी म्हणजे दारूपुढे आपले काही चालत नाही ही कबुली. दुसरी, आपल्याहून मोठी शक्ती आपल्याला सावरू शकते हा विश्वास. काका म्हणत, ‘‘मी सोडीन म्हणायचो तोवर सुटली नाही.’’ शेवटची अकरा वर्षे ते प्यायले नाहीत.

पौलाचे म्हणणे एवढेच की हे दारूपुरते नाही. कुणाचे दास्य पैशाचे असते, कुणाचे रागाचे. कुणाचे तर आपण चांगले आहोत या समाधानाचेही असते, आणि ते ओळखायला सर्वांत अवघड.

त्या गृहस्थांचा पत्ता मी घेतला नव्हता. भेटले तर त्यांना त्यांच्याच भाषेत सांगेन. तुमच्याकडे कर्ज मागायला असाही कुणी आला असेल, ज्याच्याजवळ तारण ठेवायला काहीच नव्हते. त्याला जामीनदार आणायला तुम्ही सांगितले असेल. नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्रात येशूला जामीन म्हटले आहे. ख्रिस्ती माणूस स्वतःला पापी म्हणतो तेव्हा तो चोऱ्यांची यादी वाचत नसतो. आपल्यापाशी तारण ठेवण्याजोगे काही नाही, एवढेच तो कबूल करत असतो. ही कबुली तुम्ही द्यावी असे मी म्हणणार नाही. पण तुमच्या तीस वर्षांच्या नोकरीत, जामीनदार आपल्या जागी सही करतो आहे हे पाहणाऱ्या माणसाचा चेहरा तुम्ही पाहिला असेल. ख्रिस्ती लोक ‘तारण’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात काय असते, ते त्या चेहऱ्यावरून तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल.