सुधारणेचा हिशेब

गुन्हेगार सुधारतो की नाही, याविषयी मत नसलेला मनुष्य विरळा. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, असे एक म्हणतो; दुसरा वाल्याचा वाल्मीकी झाल्याची कथा सांगतो. दाखले दोघांजवळही असतात. परंतु दाखल्यांनी हा वाद मिटण्यासारखा नाही. तोच उपदेश ऐकून वाल्याच राहिलेले किती, हे कोणी मोजलेले नसते. गेल्या शतकात काही संशोधकांनी ही मोजणी करावयास घेतली. तिची रीत साधी आहे. सारख्या परिस्थितीतील माणसांचे दोन गट करावयाचे, एका गटाला साहाय्य द्यावयाचे, दुसऱ्याला द्यावयाचे नाही, आणि पुढे कोणत्या गटातील किती जण गुन्ह्याकडे वळतात हे पाहावयाचे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, केंब्रिज व सॉमरव्हिल या शेजारी शेजारी वसलेल्या गावांत असा एक प्रयोग १९३९ ते १९४५ या काळात झाला. रिचर्ड कॅबट या नामांकित डॉक्टरांची ती कल्पना. ५०६ मुलगे निवडण्यात आले. वय, घरची स्थिती, स्वभाव यांचा मेळ घालून त्यांच्या जोड्या लावल्या आणि जोडीतील कोणाला साहाय्य द्यावयाचे हे नाणे उडवून ठरविले. निवड झालेल्या मुलांच्या घरी सल्लागार नियमाने जात. अभ्यासात मदत, औषधपाणी, उन्हाळ्यात शिबिरे, कशातच कसूर नव्हती. आणि हे सरासरी पाच वर्षे चालले. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड या विदुषीने ती मुले, आता प्रौढ झालेली, पुन्हा शोधून काढली. सुमारे दोनतृतीयांश जणांनी त्या साहाय्याचा आपणास उपयोग झाला असे सांगितले. सल्लागारांची नावे कित्येकांच्या ध्यानात होती.

नोंदी मात्र निराळेच बोलत होत्या. गुन्ह्यांत सापडलेल्यांची संख्या दोन्ही गटांत जवळजवळ सारखी होती. इतकेच नव्हे, तर एकदा गुन्हा केल्यावर पुन्हा गुन्हा करणारे, मद्याच्या आहारी गेलेले, अल्पवयात वारलेले यांचे प्रमाण साहाय्य मिळालेल्या गटातच अधिक निघाले. १९७८ मध्ये हे प्रसिद्ध झाले तेव्हा ते अनेकांना रुचले नाही. पुढील छाननीत शिबिरांना एकाहून अधिक वेळा पाठविलेल्या मुलांचे अधिक बिघडल्याचे दिसले. वांड मुले एकत्र जमली की ती एकमेकांची शाबासकी मिळवू लागतात, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. सद्हेतू आणि सत्परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या स्पष्टपणे दाखविणारा दुसरा प्रयोग क्वचितच आढळेल.

याच सुमारास एका लेखाने मोठी खळबळ उडवून दिली होती. न्यूयॉर्क राज्याच्या एका समितीसाठी रॉबर्ट मार्टिन्सन आणि त्यांचे दोन सहकारी यांनी १९४५ ते १९६७ या काळातील २३१ अभ्यास तपासले. १९७४ मध्ये मार्टिन्सन यांनी एका नियतकालिकात त्याचा निष्कर्ष मांडला: तुरळक अपवाद वगळता, सुधारणेच्या उपायांचा पुन्हा होणाऱ्या गुन्ह्यांवर म्हणण्यासारखा परिणाम दिसत नाही. मार्टिन्सन हे काही कठोर शासनाचे पुरस्कर्ते नव्हते. नागरी हक्कांच्या चळवळीत १९६१ साली त्यांनी मिसिसिपीचा तुरुंग स्वतः भोगलेला होता. परंतु लेखाचा अर्थ वाचणाऱ्यांनी आपापल्या सोयीने लावला. काहीही उपयोगी पडत नाही, एवढेच एक वाक्य लोकांच्या तोंडी राहिले. पुढच्याच वर्षी टेड पामर यांनी दाखवून दिले की, मार्टिन्सन यांनी उल्लेखिलेल्या अभ्यासांपैकी जवळजवळ निम्म्यांत काही ना काही चांगला परिणाम नोंदलेला होता. खुद्द मार्टिन्सन यांनीही १९७९ मध्ये आपला निष्कर्ष मागे घेतला. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९८४ च्या कायद्याने अमेरिकेच्या संघीय न्यायव्यवस्थेतून, नव्या गुन्ह्यांपुरती, पॅरोलची पद्धतच काढून टाकली.

निम्म्या ठिकाणी गुण येतो आणि निम्म्या ठिकाणी येत नाही, याचा उलगडा करण्याचे श्रेय मुख्यतः कॅनडातील मानसशास्त्रज्ञांना जाते. डॉन अँड्रूज व जेम्स बोंटा आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या सुमारास जी तत्त्वे मांडली, त्यांतील पहिले ऐकावयास विचित्र वाटते. ज्याच्या हातून पुन्हा गुन्हा घडण्याचा संभव अधिक, त्याच्यावरच अधिक श्रम घ्यावेत. ज्याचा संभव थोडा, त्याला शक्य तितके त्याच्या वाटेने जाऊ द्यावे. कारण अशा मनुष्याचे घर, नोकरी, शेजारपाजार हेच त्याला सावरून धरीत असतात. कार्यक्रमाच्या निमित्ताने त्याला त्यांतून उचलून मुरलेल्या गुन्हेगारांच्या सोबतीला बसविणे म्हणजे धडधाकट मनुष्याला रोग्यांच्या खोलीत निजविणे होय.

दुसरे तत्त्व असे की, गुन्ह्याशी ज्या गोष्टींचा प्रत्यक्ष संबंध आहे, त्यांनाच हात घालावा. वाईट सोबत, व्यसन, बेकारी, कायद्याविषयीची तुच्छता, या त्या गोष्टी. आत्मविश्वास वाढविणे वगैरे जे लोकप्रिय उपाय, त्यांचा गुन्ह्याशी संबंध फार क्षीण आढळला. तिसरे तत्त्व शिकविण्याच्या रीतीचे: नुसते व्याख्यान निरुपयोगी, जुना सोबती दारात येऊन उभा राहिला तर काय बोलावयाचे, याची प्रत्यक्ष तालीम हवी. नुसत्या धाकाचीही तीच गत. न्यू जर्सीतील राहवे तुरुंगात जन्मठेपेचे कैदी अल्पवयीन मुलांना तुरुंगजीवनाची भीती घालीत. त्यावरील चित्रपट १९७८ मध्ये गाजला. परंतु अशा उपक्रमांच्या नियंत्रित प्रयोगांचा एकत्र हिशेब झाला तेव्हा भीती घातलेली मुलेच अधिक प्रमाणात गुन्ह्याकडे वळल्याचे दिसून आले.

पहिले तत्त्व कारभारात उतरविणे सोपे नाही. कोणत्याही अधिकाऱ्याला आपल्या उपक्रमासाठी शांत, आज्ञाधारक कैदीच हवासा वाटतो. अहवाल चांगला लिहिता येतो. आपल्याकडील खुल्या तुरुंगांचा विचारही या दृष्टीने व्हावयास हवा. औंध संस्थानात आटपाडीजवळ मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने झालेल्या स्वतंत्रपूरच्या प्रयोगाची आठवण 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ च्या चित्रपटाने घरोघर पोहोचविली. राजस्थानात सांगानेर येथील खुले शिबिर १९६३ पासूनचे. तेथे कैदी कुटुंबासह राहतात व बाहेर जाऊन मोलमजुरी करतात. अशी माणसे पुन्हा गुन्हा करीत नाहीत, असे सांगण्यात येते. पण वर्तणूक पाहून निवडलेली ही माणसे बंद तुरुंगातून सुटूनही नीट वागली असती किंवा कसे, हे तशाच माणसांशी तुलना केल्यावाचून कळणार नाही. अर्थात माणसाने भिंतीआड निष्कारण कुजू नये, एवढ्या कारणासाठीही खुला तुरुंग समर्थनीय ठरतो. मात्र ते समर्थन न्यायाचे झाले, परिणामाचे नव्हे.

या संशोधनाच्या कितीतरी आधी, १९५८ मध्ये, आपल्या संसदेने परिवीक्षेचा कायदा केला. किरकोळ गुन्हा प्रथमच केलेल्या मनुष्याला समज देऊन अथवा बंधपत्रावर घरी पाठविण्याची मुभा त्याने न्यायालयाला दिली. एकवीस वर्षांखालील आरोपी दोषी ठरल्यास त्याला तुरुंगात धाडण्यापूर्वी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागविण्याची तरतूदही त्यात आहे. या अहवालात घराण्याची अब्रू आणि आईबापांचे अश्रू यांचे वर्णन कितीही सरस उतरले, तरी न्यायाधीशाला त्यातून फारसे कळत नाही. मुलगा संध्याकाळी कोणाबरोबर असतो, कामावर किती दिवस टिकला आणि दारूला शिवतो का, ही माहिती मिळविण्यासाठी अधिकाऱ्याला त्या वस्तीत दोनतीन खेपा घालाव्या लागतात.